डाफ्नियाच्या हृदयाचे ठोके आणि तापमान: हा प्रयोग नीट करायचा तर कसा करायचा

थंड रक्ताच्या प्राण्यांच्या शरीराचं तापमान बाहेरच्या तापमानाबरोबर वरखाली होतं आणि त्याबरोबर हृदयाचे ठोकेही, हे पुस्तकात एका ओळीत संपतं. पण ते डाफ्निया या पाण्यातल्या इवल्याशा जिवावर स्वतः मोजून बघायचं म्हटलं की गाडी अडते, आणि अडते ती ठोके मोजण्यात नाही बरं का, ती अडते तापमानात. बहुतेक शाळा कॉलेजच्या प्रोजेक्टमधे बीकरमधल्या पाण्याचं तापमान लिहिलेलं असतं आणि ठोके मोजलेले असतात स्लाइडवरच्या प्राण्याचे, आणि या दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध उरलेला नसतो. या लेखातला निम्मा खटाटोप त्या एकाच गोष्टीसाठी आहे, ठोके मोजताना त्या क्षणी त्या प्राण्याचं तापमान काय होतं हे आपल्याला खरंखुरं माहीत असलं पाहिजे.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचा कृती संशोधन प्रकल्प करणारी मुलं, बीएस्सी झूऑलॉजीवाले, परदेशात आयबी किंवा ए लेव्हलला हाच प्रयोग असणारी आपली पोरं, सगळ्यांना चालेल असं लिहितोय. घरी करायचा असेल तरी जमतो, फक्त मायक्रोस्कोप लागतो.

डाफ्नियाच का

हा प्रयोग मुळात बेडकावरचा. १८६६ मधे जर्मनीत लाइपझिगला शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविगच्या लॅबमधे एलियास सायन याने बेडकाचं हृदय बाहेर काढून, ते चालू ठेवून, त्याचं तापमान बदलत ठोक्यांचा वेग आणि जोर दोन्ही मोजले होते. तेव्हाच दिसलं होतं की तापमान चढलं की वेग चढतो आणि एका हद्दीपलीकडे हृदय थांबतं. आपल्याला आता बेडूक कापायची गरज नाही आणि परवानगीही नाही, यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मधे झूऑलॉजीच्या कोर्सेसमधून प्राण्यांचं डिसेक्शन बंद करायला सांगितलं, आणि शाळेत तर विषयच नको.

डाफ्निया हा कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला, गोड्या पाण्यात राहणारा, एक ते पाच मिलिमीटरचा जीव. अंग पारदर्शक, त्यामुळे काहीही न कापता बाहेरूनच हृदय धडधडताना दिसतं. शिवाय एक मोठा फायदा असा की पोषक परिस्थितीत माद्या नराशिवायच पिल्लं देतात आणि ती पिल्लं जनुकीय दृष्ट्या आईची हुबेहूब कॉपी असतात. म्हणजे एका मादीपासून सुरुवात केली तर एका आठवड्यात-दोन आठवड्यांत तुमच्याकडे एकसारख्या प्राण्यांची फौज तयार, प्राण्या-प्राण्यांतला फरक आपोआप कमी. असली सोय बेडकात कुठून मिळणार.

आणि डाफ्नियाचं हृदय मायोजेनिक आहे, म्हणजे ठोक्याची सुरुवात स्नायूतच होते, आपल्यासारखीच. खेकडा किंवा कोळंबीचं तसं नसतं, तिथे हृदयावर बसलेला चेतापेशींचा छोटा गुच्छ ठोके ठरवतो. व्हायव्हात हे विचारलं जाऊ शकतं म्हणून सांगून ठेवलं.

प्राणी कुठून आणायचे आणि जगवायचे कसे

ॲक्वेरियमच्या दुकानात लाइव्ह फूड म्हणून मिळतात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडे किंवा तुमच्या गावातल्या माशांच्या दुकानात विचारा. एक लक्षात ठेवा, आपल्याकडे डाफ्निया म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा मोइना असतं. मोइना जरा लहान, एक मिलिमीटरच्या आसपास, गुबगुबीत आणि त्याला शेपटीकडचा लांब काटा नसतो. प्रयोगाला मोइनाही चालतं, उलट आपल्या उन्हाळ्यात ते जास्त टिकतं, फक्त रिपोर्टमधे जे आहे तेच नाव लिहा आणि दोन्ही मिसळू नका. पावसाळा संपता संपता साचलेल्या हिरवट पाण्यात, जुन्या टाक्यांत, डबक्यांत बारीक जाळीने स्वतःही पकडता येतात, पण मग त्यात चार जातींची खिचडी येते.

पाणी हा जीव घेणारा भाग. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यांना मारतं, म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास तरी ठेवायचं किंवा ॲक्वेरियमचं अँटिक्लोरीन टाकायचं. तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी अजिबात नको, तांबं यांना अगदी थोडंसुद्धा सोसत नाही. खायला हिरवं पाणी म्हणजे शेवाळाचं सगळ्यात बेस्ट, नाहीतर चिमूटभर यीस्ट किंवा स्पिरुलिना पावडर पाण्यात कालवून, इतकीच की पाणी किंचित गढूळ दिसेल आणि दुसऱ्या दिवशी परत स्वच्छ होईल. जास्त घातलं की पाणी सडतं आणि सकाळी सगळे तळाशी.

प्राणी गुलाबी-लालसर दिसायला लागले तर समजा पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय, कारण अशा वेळी हे स्वतःच्या शरीरात हिमोग्लोबिन वाढवतात. असे लाल प्राणी आणि फिकट प्राणी एकाच प्रयोगात घेऊ नका.

एका अंडीवाल्या मादीला वेगळ्या बाटलीत टाका, तिची पिल्लं वाढवा आणि ती मोठी झाली की साधारण एकाच मापाच्या माद्या निवडा. माप महत्त्वाचं आहे, लहान प्राण्याचे ठोके मोठ्यापेक्षा जलद असतात, त्यामुळे १५ अंशाला मोठा आणि २५ अंशाला पिल्लू घेतलं तर ग्राफ सुंदर येईल आणि चुकीचा येईल.

काय काय लागेल

मायक्रोस्कोप, ४ एक्सचं ऑब्जेक्टिव्ह म्हणजे एकूण ४० पट झालं, पुरे. स्टिरिओ मायक्रोस्कोप असेल तर अजून बरं कारण खाली जागा भरपूर असते. लाइट एलईडीचा हवा. जुन्या मायक्रोस्कोपला हॅलोजनचा दिवा असतो, तो खालून प्राण्याला शेकत राहतो आणि तुमचं तापमान तुम्हाला न विचारता वर जातं. हॅलोजनच असेल तर फक्त व्हिडिओ घेताना लावा, बाकी वेळ बंद.

कागदी फोल्डस्कोप किंवा मोबाइलला लावायची क्लिप लेन्स असेल तर ठोके दिसतील, पण फोल्डस्कोपमधे प्राणी पातळ जागेत दाबला जातो आणि आजूबाजूला पाणी ठेवता येत नाही, म्हणून तापमानाच्या प्रयोगाला मी तो घेणार नाही.

थर्मामीटर वायरवाला, टोकाला बारीक प्रोब असलेला. ॲक्वेरियमवाला डिजिटल चालतो पण आधी तो तपासा, एका ग्लासात भरपूर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळा, त्यात शून्याच्या जवळ यायला हवा. आर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापरता येत असेल तर डीएस १८ बी २० हा तापमानाचा सेन्सर घ्या, कंपनीच्याच आकड्यानुसार त्याची चूक अर्धा अंश वर किंवा खाली एवढीच. ताप बघायचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, त्याची रेंजच वेगळी.

बाकी: एक ९० मिलिमीटरची पेट्री डिश, एक ३५ मिलिमीटरची छोटी डिश, १० मिलीच्या दोन सिरिंज, कापूस, बर्फ, थर्मासमधे गरम पाणी, प्लॅस्टिकचा ड्रॉपर आणि स्लो मोशन व्हिडिओ काढणारा फोन. ड्रॉपरचं टोक कात्रीने थोडं कापून रुंद करा नाहीतर प्राणी चेंगरतो. आणि प्राणी सोडताना टोक पाण्याच्या आत बुडवून सोडा, वरून थेंब टाकला तर त्यांच्या कवचाखाली हवेचा बुडबुडा अडकतो, मग ते पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि मरतात.

सेटअप: डिशमधे डिश

आता मुद्द्याचं. नेहमीची पद्धत काय, तर १० अंशाच्या बीकरमधे डाफ्निया पाच मिनिटं ठेवायचा, मग उचलून स्लाइडवर घ्यायचा आणि मोजायचं. पण स्लाइडवर पाणी असतं दोन-चार थेंब आणि खाली काच रूमच्या तापमानाची, त्यामुळे तो थेंब बघता बघता रूमच्या तापमानाकडे सरकतो आणि इतक्या लहान प्राण्याचं तापमान त्या थेंबाबरोबरच जातं. तुम्ही फोकस करेपर्यंत खेळ संपलेला असतो.

म्हणून प्राणी हलवायचाच नाही, त्याच्याभोवतीचं पाणी बदलायचं. छोट्या डिशमधे ४ मिली पाणी घाला, साधारण चार मिलिमीटर खोली होते, त्यात प्राणी. ही डिश मोठ्या पेट्री डिशच्या मधोमध ठेवा आणि बाहेरच्या गोल जागेत पाणी भरा, पण इतकंच की छोटी डिश तरंगणार नाही. हे सगळं मायक्रोस्कोपच्या स्टेजवर, क्लिपा काढून. सिरिंजने बाहेरचं पाणी ओढायचं आणि दुसऱ्या सिरिंजने तेवढंच थंड किंवा गरम पाणी सोडायचं, असं करत करत आतल्या डिशचं तापमान हवं तिथे आणायचं. थर्मामीटरचा प्रोब आतल्या डिशमधे, प्राण्याच्या शेजारी, बाहेरच्या पाण्यात नाही. हे परत वाचा.

पाणी आणि वीज एकत्र आहेत तर स्टेजखाली प्लॅस्टिकचा तुकडा अंथरा आणि डिश काठोकाठ भरू नका. बॅटरीवर चालणारा मायक्रोस्कोप असेल तर डोक्याला ताप नाही.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात करत असाल तर अजून एक त्रास होणार, १०-१५ अंशाच्या डिशवर खालून दव जमतं आणि सगळं धूसर दिसतं, कधी कधी ऑब्जेक्टिव्हवरही. टिश्यूने पुसत राहा, किंवा एसी लावून हवा कोरडी करा, किंवा सरळ थंडीत प्रयोग ठेवा. नागपूरकरांनी मे महिन्यात या वाटेला जाऊच नये, बाहेर ४५ अंश असताना १० अंशाची डिश धरून ठेवणं म्हणजे बर्फाचा खर्च.

प्राणी एका जागी थांबला पाहिजे. कापसाचे अगदी बारीक, विरळ तंतू ओढून डिशच्या तळाशी टाका, त्यात तो अडकतो. दुसरा मार्ग, टूथपिकच्या टोकावर व्हॅसलीनचा कण घेऊन कोरड्या डिशला लावायचा, त्याला प्राण्याची पाठीमागची कड चिकटवायची आणि मग हळूच पाणी भरायचं, पण ३० अंशाकडे व्हॅसलीन मऊ पडतं. मी कापूसच सांगेन. प्राणी कुशीवर पडलेला असला की हृदय सगळ्यात छान दिसतं.

हृदय ओळखणं

डोक्यात एकच काळा ठिपका दिसेल, तो डोळा. तिथून शरीरात आतड्याची वाकडी नळी जाते, खाल्लेल्या शेवाळामुळे हिरवट दिसते. या नळीच्या वर, पाठीच्या बाजूला, डोक्याच्या लगेच मागे आणि अंडी असलेल्या पोकळीच्या अलीकडे एक छोटी पारदर्शक पिशवी बंद पडत आलेल्या ट्यूबलाइटसारखी फडफडताना दिसेल, ते हृदय.

आता फसवणूक कुठे होते, तर पोटाच्या बाजूला पायांच्या जोड्या सतत हलत असतात, त्या पाणी गाळून अन्न घेण्यासाठी, आणि त्यांचाही वेग ठोक्यांच्या आसपासच असतो. नवीन माणूस हमखास पाय मोजून मोकळा होतो. ओळखायची खूण सोपी, पाय पोटाकडे आणि हृदय पाठीकडे, आणि पाय मधेच थांबतात, हृदय थांबत नाही. पहिल्या दिवशी काहीच मोजू नका, नुसतं दहा-बारा प्राण्यांत हृदय शोधायची प्रॅक्टिस करा.

ठोके मोजणं

रूमच्या तापमानाला, म्हणजे २०-२५ अंशाच्या आसपास, मिनिटाला साधारण १८० ते ३०० ठोके पडतात. ३०० म्हणजे सेकंदाला पाच. एवढ्या वेगाने कागदावर पेनने टिंबं मारत जायची जुनी पद्धत आहे, १० सेकंद टिंबं मारा, मोजा, सहाने गुणा. कमी तापमानाला ही पद्धत ठीक आहे पण सेकंदाला पाच-सहाच्या पुढे हातच चालत नाही, आणि मग ग्राफ वरच्या टोकाला सपाट होतो तो डाफ्नियामुळे नाही, तुमच्या मनगटामुळे.

म्हणून व्हिडिओ. आयपीसवर फोन धरायला ॲडॉप्टर मिळतो, नाहीतर पुठ्ठ्याची नळी करून टेप लावा. सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमधे काढलेला व्हिडिओ ३० फ्रेमने चालवला की सगळं आठपट हळू होतं, १० सेकंदांचे ८० सेकंद होतात, ३०० च्या वेगाचे ५० ठोके ८० सेकंदांत आरामात मोजता येतात. फोनमधे स्लो मोशन नसेल तर साधा ३० फ्रेमचा व्हिडिओही चालतो, सेकंदाला पाच ठोके म्हणजे दर ठोक्याला सहा फ्रेम मिळतात, फक्त तो पाव स्पीडने बघायचा.

पण फोनवर विश्वास ठेवू नका. काही फोन स्लो मोशन व्हिडिओची सुरुवात आणि शेवट नॉर्मल स्पीडने दाखवतात आणि मधलाच भाग हळू करतात, काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवतात. आधी दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावून त्याचा त्याच सेटिंगवर व्हिडिओ काढा आणि खरंच किती पट हळू होतंय ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

१० सेकंदांच्या मोजणीत एका ठोक्याची चूक झाली तर मिनिटाला सहाची चूक होते, १५ सेकंद घेतले तर चारची. म्हणून दर तापमानाला १५-१५ सेकंदांचे तीन तुकडे काढा आणि त्यांची सरासरी घ्या.

अजून एक जे शाळेत कोणी सांगत नाही, मोजणाऱ्याला तापमान माहीत नसावं. मित्राला सगळ्या व्हिडिओंची नावं बदलून द्यायला सांगा, क, ख, ग वगैरे काहीही, आणि मोजून झाल्यावरच खरी यादी उघडा. आपल्याला काय यायला हवं हे माहीत असलं की बोटं तिकडेच झुकतात.

प्रत्यक्ष एक रन

तापमानं १०, १५, २०, २५, ३०. याच्या वर जायचा मोह टाळा, ३०-३२ च्या पुढे बऱ्याच डाफ्नियांना त्रास होतो, ठोके अनियमित होतात आणि प्राणी मरू शकतो. ठोके अडखळायला लागले तर त्याच क्षणी थंड करायला घ्या आणि वहीत नोंद करा, ते तापमानसुद्धा एक निष्कर्षच आहे.

सुरुवात २० ला. प्राणी डिशमधे टाकल्यावर दहा मिनिटं त्याला काहीही करू नका, लाइटही कमी, पकडापकडीने त्याचे ठोके बदललेले असतात. मग पहिला व्हिडिओ. त्यानंतर तापमान हळू बदला, मिनिटाला एक अंशाच्या आसपास, आणि हव्या तापमानावर पोचल्यावर पाच मिनिटं थांबा. व्हिडिओच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा थर्मामीटर वाचा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त सरकलं असेल तर तो व्हिडिओ परत. आणि वहीत ठरवलेलं तापमान नाही, वाचलेलं तापमान लिहा, १५ ठरवलं आणि १५.७ आलं तर १५.७ च.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळे प्राणी थंडाकडून गरमाकडे नेले तर ठोके तापमानामुळे वाढले की तासभर अडकून वैतागल्यामुळे वाढले हे सांगता येत नाही. म्हणून निम्मे प्राणी २० वरून आधी खाली न्या आणि मग वर, निम्मे आधी वर आणि मग खाली. शेवटी प्रत्येकाला परत २० ला आणून पुन्हा मोजा. सुरुवातीचा आणि शेवटचा २० चा आकडा साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर त्या प्राण्याचा डेटा ठेवा, नसेल तर प्राणी थकलाय किंवा दुखावलाय, तो डेटा बाजूला ठेवा पण फाडून टाकू नका, किती प्राणी का वगळले ते रिपोर्टमधे लिहायचं असतं.

चढताना-उतरताना फरक पडतो हे काही माझं खूळ नाही. गॅलापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना घ्या, शरीराचं तापमान तेच असलं तरी ऊन खाऊन गरम होत असताना त्याचे ठोके जास्त असतात आणि गार होताना कमी, म्हणजे रक्त जोरात फिरवून तो पटकन गरम होतो आणि हळू गार होतो. डाफ्निया इतका छोटा आहे की त्याला ही युक्ती परवडणारच नाही, त्यामुळे तुमच्या आकड्यांत असा फरक दिसला तर बहुधा प्रोब प्राण्यापासून लांब आहे आणि पाणी सगळीकडे सारखं झालेलं नाही.

असे कमीत कमी आठ-दहा प्राणी. एका प्राण्याला दहादा मोजलं म्हणजे दहा प्राणी होत नाहीत, तो एकच प्राणी. एका रनला दीड तास जातो, त्यामुळे हे एका दिवसात होणारं काम नाही. डिशमधे दोन प्राणी शेजारी शेजारी बसत असतील तर दोन एकदम घ्या.

ऑक्सिजनची भानगड

पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, १० अंशाला लिटरमधे साधारण ११.३ मिलिग्रॅम, २० ला ९.१ आणि ३० ला ७.६. आणि ऑक्सिजन कमी पडला तरी डाफ्नियाचे ठोके वाढतात. म्हणजे ३० अंशाला जी वाढ दिसते ती सगळी तापमानाची की थोडी गुदमरण्याची, हा प्रश्न राहतोच. उघडी डिश आणि ४ मिली पाणी असेल तर एका एवढ्याशा जिवाला ऑक्सिजन कमी पडत नाही, पण स्लाइडवर कव्हरस्लिपच्या पातळ काचेखाली दोन थेंबांत दाबलेल्या प्राण्याचं तसं नाही. स्लाइड-कव्हरस्लिप न वापरण्याचं, तापमान सरकतं त्यानंतरचं, हे दुसरं कारण.

आकडे आले, आता काय

आधी नुसता ग्राफ काढा, आडवं तापमान, उभे ठोके, प्रत्येक प्राण्याची वेगळी रेघ. सरासरीची जाड रेघ नंतर. वेगळ्या रेघा बघितल्या की कुठला प्राणी विचित्र वागला ते लगेच कळतं, सरासरीत ते लपतं.

मग क्यू-टेन काढा. तापमान १० अंशांनी वाढलं तर वेग किती पट होतो तो हा आकडा. दोन तापमानांत बरोब्बर १० चा फरक असेल तर नुसता भागाकार, समजा १५ ला १६० आणि २५ ला ३१२ आले, तर ३१२ भागिले १६० म्हणजे १.९५. फरक १० नसेल तर वेगांच्या भागाकाराचा घात घ्यायचा, आणि घातांक म्हणजे १० भागिले तापमानांतला फरक. उदाहरणार्थ १८ ला १९० आणि २७ ला ३४०, भागाकार १.७९, घातांक १० भागिले ९ म्हणजे १.११, उत्तर साधारण १.९१. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा केला की घाताचं बटण येतं. हे आकडे फक्त रीत दाखवायला आहेत, तुमचे वेगळे येतील.

क्यू-टेन दोनच्या आसपास आला तर छान, शरीरातल्या बऱ्याचशा रासायनिक क्रिया दर १० अंशांना दोन ते तीन पट होतात, आणि ठोक्याची लय स्नायूपेशींच्या पडद्यातून आयन आत-बाहेर जाण्यावर चालते, ते दरवाजे आणि पंप सगळे प्रथिनांचे, म्हणून तेही तापमानाला तसेच वागतात. ही कल्पना व्हान्ट हॉफची, ज्याला १९०१ मधे केमिस्ट्रीचं पहिलं नोबेल मिळालं तोच. क्यू-टेन सगळ्या पट्ट्यांत सारखा येत नाही, साधारणपणे थंड बाजूला जास्त आणि गरम बाजूला कमी, म्हणून १० ते २० चा वेगळा आणि २० ते ३० चा वेगळा काढा, एकच आकडा देऊन मोकळे होऊ नका. उभा अक्ष लॉग स्केलवर टाकला तर हे डोळ्यांनीच दिसतं, क्यू-टेन कायम असेल तर रेघ सरळ, नसेल तर वाकलेली.

आणि क्यू-टेन १.२ वगैरे आला तर? लगेच डाफ्निया तापमानाला दाद देत नाही असा निष्कर्ष काढू नका. समजा खरा क्यू-टेन २ आहे. तुम्ही बीकर १० आणि ३० अंशाचे घेतले पण स्लाइडवर मोजेपर्यंत प्राणी २२ आणि २८ ला आले होते. मग वेग वाढेल साधारण दीडपट, आणि तुम्ही तो २० अंशांच्या फरकावर बसवला की क्यू-टेन निघतो १.२३. गणित बरोबर, मोजणी बरोबर, तापमान खोटं. दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमधे असा आकडा दिसला की पहिला प्रश्न हाच विचारा, थर्मामीटर कुठे होता.

३० ला वेग २५ पेक्षा कमी आला तर दोन शक्यता, प्राण्याची हद्द आली किंवा मोजणी कमी पडली. परत २० ला आणल्यावर ठोके पूर्ववत झाले आणि व्हिडिओतही वेग कमीच दिसला तर ती हद्द खरी. कुठल्या तापमानात वाढवले तेही नोंदवा, कारण दोन आठवडे ३० अंशात वाढलेले आणि २० अंशात वाढलेले प्राणी एकाच २५ अंशाला सारखे वागतील असं नाही, शरीर सवय करून घेतं. खरं तर प्रोजेक्ट वेगळा दिसायला हवा असेल तर हाच विषय घ्या, एकाच आईची पिल्लं दोन बाटल्यांत, एक एसी रूममधे आणि एक बाल्कनीत, दोन-तीन आठवड्यांनी दोघांचा ग्राफ एकावर एक. चहा-कॉफी आणि दारूचे थेंब टाकून ठोके बघणारे प्रोजेक्ट पुष्कळ झालेत.

काम झालं की प्राणी मूळ बाटलीत परत, पण त्यांना पुन्हा प्रयोगाला घेऊ नका, म्हणून वेगळी बाटली केलेली बरी. दुकानातून आणलेलं कल्चर म्हणजे प्राण्यांसकट पाणी ओढ्यात, विहिरीत, तळ्यात ओतायचं नाही, कुठली जात आहे ते आपल्याला नक्की माहीत नसतं. नको असेल तर फिश टँकवाल्या मित्राला द्या, तो नाही म्हणणार नाही.